आतल्या खोलीतलं हसू

माणसाला माणसाचा हेवा वाटतो हे मी समजू शकतो. साडूची बढती, शेजाऱ्याची गाडी, वर्गमित्राच्या डोक्यावर अजून टिकून राहिलेले केस, हे सगळे हेव्याचे मान्यवर विषय आहेत आणि मी स्वतः प्रत्येकावर मनसोक्त जळलेलो आहे. पण पुस्तकावर जळणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. बायकोच्या हातातल्या पुस्तकाकडे तो असा बघायचा, की जणू ते आत्ता उठेल आणि तिला घेऊन पळून जाईल.

हा माणूस म्हणजे आमच्या रस्त्यावरचा चष्मेवाला. सगळे त्याला नंबरवाला म्हणतात. त्याच्या दुकानात एक लाकडी बाक आहे आणि त्या बाकाच्या खिडकीकडच्या टोकाला माझ्या बैठकीचा खड्डा पडलेला आहे. शेजारचं वह्यापेनांचं दुकान माझंच. पण ते आता मुलगा बघतो, आणि मी तिथे बसलो की गिऱ्हाइकं वही विसरून गप्पा मारत बसतात अशी सूनबाईंची तक्रार. म्हणून मी इकडे. इथे लोक चष्म्याची वाट बघत बसलेले असतात, म्हणजे आयते सापडतात. शिवाय जुना चष्मा काढून दिलेला असतो, त्यामुळे ते बोलत असताना मी तोंड कसं करतोय ते त्यांना दिसत नाही. गप्पिष्ट माणसाला याहून चांगली जागा जगात नसेल.

डोळे तपासायच्या आधी नंबरवाला प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो.

"सध्या काय वाचताय?"

हा धंद्याचा प्रश्न आहे. पेपर वाचणारा हात लांब करून वाचतो, जाड कादंबरीवाला ती मांडीवर ठेवतो, आणि अंथरुणात वाचणाऱ्याचं तर गणितच वेगळं. म्हणून लगेच दुसरा प्रश्न येतो, "बसून की लोळून?" इथपर्यंत ठीक. पण तिसरा प्रश्न येतो, "आणि आवडता लेखक कोण?" याचा नंबराशी काडीचा संबंध नाही. ही निव्वळ खोडी.

एकदा एक निवृत्त मुख्याध्यापिका आल्या. म्हणाल्या, "मी सध्या आयुष्य यशस्वी कसं करावं यावर वाचतेय."

नंबरवाला म्हणाला, "मग बाई, तुम्ही लांबचाच चष्मा करा. तसली पुस्तकं जवळून बघण्यासारखी नसतात."

बँकेतला एक कॅशियर म्हणाला की तो रहस्यकथा वाचतो, पण आधी शेवटचं पान बघून घेतो. त्याला म्हणाला, "मग चष्म्याचा खर्च कशाला? शेवटच्या पानापुरतं एक भिंग घेऊन जा."

लोक चिडायचे, हसायचे, आणि पुढच्या वेळी काहीतरी भारदस्त वाचत असल्याचं घरून ठरवून यायचे. नुसतं नावापुरतं बाळगलेलं पुस्तक नंबरवाला लगेच ओळखायचा. म्हणायचा, "हे पुस्तक बसूनही नाही आणि लोळूनही नाही. हे तुम्ही उभ्यानेच वाचलंय, दुकानात."

त्याचा स्वतःचा लेखक ठरलेला. समुद्रावरच्या कादंबऱ्या लिहिणारा, जुना, आता कोणी न वाचणारा. एक कप्तान, एक जहाज, आणि एकामागून एक जाडजूड खंड. नंबरवाला त्या लेखकाला 'आमचे कप्तान' म्हणायचा. त्या कप्तानाला या गावात आपल्याशिवाय कोणी ओळखत नाही याचा त्याला कोण अभिमान! कोणी ते पुस्तक मागितलंच तर म्हणायचा, "पानं सुटलीत हो." पानं कुठली सुटलेली नव्हती. त्याला ती सोडवत नव्हती.

आता वहिनींकडे येऊ, कारण गोष्ट त्यांची आहे. दुकानाच्या मागे एक छोटी खोली आहे. मधे छातीएवढी भिंत, वर मोकळं. त्या खोलीत वहिनी बसतात. नंबर नवरा काढतो, चिठ्ठीवर लिहितो आणि भिंतीवरून आत देतो. मग काच चाकावर धरून फ्रेमच्या आकाराची घासायची, कडा गुळगुळीत करायच्या, स्क्रू पिळायचा, हे सगळं वहिनींचं काम. चाकावर पाण्याची धार चालू असते आणि आवाज असा, की दातांतून शिरशिरी जावी. वहिनींची नजर सतत काचेच्या कडेवर. ती हलली की काच गेली.

म्हणून नंबरवाला त्यांना वाचून दाखवायचा. लग्न झाल्यापासून. दुपारी गिऱ्हाईक ओसरलं, की तो त्या छातीएवढ्या भिंतीला टेकून उभा राहायचा, पुस्तक उघडायचा आणि चाकाच्या वर आवाज काढून वाचायचा. कप्तानाचा आवाज जाड, खलाशांचे पातळ. आम्ही बाकावरचेही ऐकायचो, फुकटात.

या कादंबऱ्यांतलं वहिनींचं लाडकं पात्र कप्तान नव्हे. जहाजावरचा आचारी. अगदी पहिल्या खंडातलं आठवतं मला. वादळ उठलंय, डोलकाठी मोडलीय, कप्तान ओरडतो, "आचारी, जहाज बुडतंय!" आणि आचारी खालून म्हणतो, "मग आज मीठ घालत नाही साहेब, समुद्र घालेल."

तेव्हा वहिनी नव्या नवरी होत्या. सासरी येऊन महिना होत आला तरी तोंडातून शब्द नाही. चाक, काच आणि खाली मान. त्या वाक्याला त्या अशा हसल्या की हातातली काच खाली पडून फुटली. मी तेव्हा स्वतःच्या दुकानात होतो, मधली भिंत असूनही मला ते ऐकू आलं. नंबरवाल्याचा चेहरा पुढे आठवडाभर काच फुटल्याबद्दल बक्षीस मिळाल्यासारखा होता.

तेव्हापासून प्रत्येक खंडात आचारी, आणि आचाऱ्याला वहिनींचं हसू. कप्तान चाच्यांशी लढत असायचा आणि मधूनच आचारी विचारायचा, "साहेब, पातेल्याचं झाकण कोणी नेलं?" जेवायला आलेल्या खलाशांना हा बहाद्दर विचारायचा, "बसून खाणार की लोळून?" इतकी वर्षं आम्ही हे ऐकलं आणि आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात काही आलं नाही. पुढे कळेल मी असं का म्हणतो ते.

तर, सगळं सुरळीत चाललेलं असताना वहिनींची दाढ दुखायला लागली.

आमच्या रस्त्यावरच, वरच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर बसतात. उंच माणूस, हसला की स्वतःच्या धंद्याची जाहिरात. घरी एकटा, त्यामुळे इस्त्री कडक. आत यंत्राचा आवाज सुरू झाला की बाहेर बसलेल्या रोग्यांचे पाय लटपटतात, म्हणून या डॉक्टरांनी बाहेरच्या खोलीत पुस्तकांचं एक कपाट ठेवलंय. वहिनी थांबल्या, कपाटातून हाताला आलं ते पुस्तक काढलं आणि वाचायला लागल्या. एका म्हाताऱ्या शिंपिणीची गोष्ट. बायका ब्लाउजाची मापं द्यायला येतात आणि ही कमरेच्या घेरावरून ओळखते की कोणाच्या घरात काय शिजतंय. नाव पुकारलं तरी वहिनींना ऐकू गेलं नाही. डॉक्टर स्वतः बाहेर आले, हसले आणि म्हणाले, "वहिनी, दाढ इथे ठेवून जा, पुस्तक घरी न्या."

हे वाक्य मला वहिनींनीच सांगितलं, अगदी सहज. मी ते नंबरवाल्याला सांगितलं. सहज नाही.

"वहिनी म्हणाला?" नंबरवाला म्हणाला. "मी कधी त्याचा भाऊ झालो?"

"अरे, मी पण वहिनीच म्हणतो."

"तुझं सोड. तुझे दात कुठे आहेत?"

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणानंतर चाक बंद होतं. नंबरवाला फ्रेमा पुसत बाहेर उभा होता, मी बाकावर. आणि आतून हसू आलं. तेच, काच फोडणारं. नंबरवाल्याने चमकून आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि हातातलं फडकं तसंच धरून पुटपुटला, "ती हसली."

"हसली. मग?"

"अरे, पण मी तर काहीच वाचत नव्हतो!"

बिचाऱ्याच्या अंगाचा जो तिळपापड झाला तो तिथून. भिंतीवरून मान काढून त्याने विचारलं, "काय गं, काय झालं?"

"काही नाही हो. ही शिंपीण ना..." आणि वहिनी पुन्हा हसायला लागल्या.

"सांग तरी."

"असं सांगून नाही कळायचं. सगळं मागचं वाचावं लागतं."

हे वाक्य नंबरवाल्याच्या जिव्हारी लागलं. आजवर मागचं आणि पुढचं सगळं त्याच्या हातात होतं. कुठे थांबायचं, उद्यावर काय टाकायचं, कोणाला कसा आवाज द्यायचा, हे सगळं तोच ठरवायचा. आता बायको एका गोष्टीत एकटी शिरली होती आणि तो दाराबाहेर उभा होता. त्या दिवसापासून तो त्या लेखिकेला 'शिंपीणवाली' म्हणायला लागला. गिऱ्हाइकांपैकी कोणी तिचं नाव घेतलं, तर याच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. म्हणायचा, "ती होय? तिची वाक्यं बारीक असतात. डोळ्यांना त्रास होतो." एका बाईंना तर म्हणाला, "तिला वाचणाऱ्यांचा नंबर फार लवकर वाढतो, मी पाहिलंय." चष्मेवाल्याने असं म्हटल्यावर कोण वाद घालणार?

मी मात्र रोज थोडं तेल ओतायचो. "दुसरं पुस्तक आणलं वाटतं वहिनींनी?" "आज जिन्यात बराच वेळ बोलत होत्या दोघं. तोंड उघडं होतं, पण दाढेसाठी नव्हे." तो माझ्यावर डोळे वटारायचा आणि पुढचं विचारायचाही. "काय बोलत होते?"

"पुस्तकांबद्दलच असणार. त्याचं आवडतं कोण, हिचं आवडतं कोण."

"आणि ती काय म्हणाली?"

"मला काय ठाऊक? मी वरच्या पायरीवर होतो." तो दात ओठ खायचा.

मग एके दिवशी वहिनी भिंतीवरून म्हणाल्या, "अहो, वाचताना अक्षरं धूसर व्हायला लागलीत. मला वाचायचा चष्मा काढून द्या की."

काचा घासायला त्यांना चष्मा होता, पण तो त्या कामाच्या अंतराचा. पुस्तकासाठी वेगळा हवा होता. आता, हा माणूस सकाळच्या गिऱ्हाइकाला संध्याकाळी चष्मा देतो. पण बायकोच्या वेळी त्याला काय काय आडवं आलं! आधी फ्रेम पसंत नाही. मग काचा संपल्या. मग म्हणे, या हवेत डोळे तपासू नयेत.

"कुठल्या हवेत?" मी विचारलं.

"तू गप्प बस."

शेवटी वहिनी स्वतःच येऊन तपासणीच्या खुर्चीत बसल्या. त्याला त्यांच्या नाकावर ती गोल, जड फ्रेम चढवावी लागली, जिच्यात एकावर एक काचा सरकवून नंबर काढतात. त्याने एक काच घातली.

"दिसतंय?"

"अंधुक."

"सुरुवातीला तसंच वाटतं."

"आणखी एक घालून बघा ना."

"जास्त नंबर दिला तर डोळ्यांना आळस चढतो. सवय होईल." आणि त्याने चिठ्ठी लिहिली. वहिनींनी ती चिठ्ठी घेतली, आत गेल्या, आणि नवऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवून स्वतःच्या हाताने स्वतःचा चुकीचा चष्मा घासून तयार केला. मी हे पाहिलं. इतकी वर्षं त्या दुकानात बसून मी खूप गमती पाहिल्या, पण नंबरवाल्याने मुद्दाम कमी नंबर लिहावा ही पहिलीच. त्याने ज्या तऱ्हेने माझ्याकडे बघायचं टाळलं, त्यावरून मला कळलं.

पुढचे काही दिवस वहिनी डोकं धरून वाचायच्या. दोन पानं झाली की पुस्तक मिटायचं. मग नंबरवाला लगबगीने कप्तान काढायचा. "राहू दे ते. डोळ्यांना ताण नको. मी वाचतो." आणि त्या दिवसांत काय वाचायचा तो! आचारी तर पानोपानी. माझी खात्री आहे, कप्तानाला त्या आठवड्यात जहाज चालवायला वेळच मिळाला नसेल.

पण वहिनी बायको असल्या, तरी त्याच दुकानातल्या. एका दुपारी नंबरवाला घाऊक फ्रेमवाल्याकडे गेला होता. वहिनी बाहेर आल्या, तपासणीच्या काचांची पेटी पुढ्यात ओढली, ती गोल फ्रेम नाकावर चढवली आणि शिंपिणीचं पुस्तक हातात धरून एकेक काच सरकवत राहिल्या. एका काचेशी थांबल्या. काच काढली, तिच्यावरचा आकडा पाहिला. मग पेटी पूर्ववत ठेवून माझ्याकडे वळल्या.

"भाऊजी, तुम्ही काही पाहिलं नाहीत."

"मी कसं पाहणार? माझा चष्मा पुसायला काढलाय," मी म्हणालो, आणि घाईघाईने काढला.

दुसऱ्या दिवशी नंबरवाल्याच्या टेबलावर चष्म्याची एक डबी होती. आतून वहिनींचा आवाज आला, "अहो, तो चष्मा परत आलाय. गिऱ्हाईक म्हणतं, नंबर चुकला."

"कोण गिऱ्हाईक?"

"आहे एक. फार कटकटी. नका विचारू."

नंबरवाल्याने डबी उघडली आणि मिटली. आतून पान उलटल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळाने ते हसू. आता अगदी स्वच्छ दिसत असणार. नंबरवाला मला म्हणाला, "चहा घेणार का?" मी त्याच्याकडे बसायला लागल्यापासून हा प्रश्न त्याने पहिल्यांदा विचारला. यावरून त्याची अवस्था ओळखा.

मी त्याला म्हणालोसुद्धा, "अरे, पुस्तक वाचतेय ती. कोणाबरोबर पळून गेलेली नाही."

"तुला नाही कळायचं," तो म्हणाला. "ती एकदा स्वतः वाचायला लागली, की काय काय वाचेल कोणास ठाऊक."

मला वाटलं, हा माणूस पुरता कामातून गेला.

आणि मग एका संध्याकाळी दातांचे डॉक्टर स्वतः दुकानात आले. त्यांनाही चाळिशी लागली होती. दुकानात पाऊल टाकताच म्हणाले, "नंबरवाले, बारीक दात दिसेनासे झालेत."

नंबरवाल्याने त्यांना खुर्चीत बसवलं, ज्या आनंदाने त्यांनी आजवर इतरांना बसवलं असेल त्याच आनंदाने. ती जड फ्रेम त्यांच्या नाकावर चढवली. आतलं चाक चालू होतं.

"सध्या काय वाचताय?" सवयीने प्रश्न गेला.

"तुम्हाला ठाऊक नसेल. जुना लेखक आहे," डॉक्टर म्हणाले. "समुद्रावरच्या कादंबऱ्या. एक कप्तान, एक जहाज. वडिलांचे सगळे खंड माझ्याकडे आहेत. शेवटचासुद्धा, तो तर कुठे मिळतच नाही."

नंबरवाल्याच्या हातातली काच हवेतच राहिली. त्याच्या कप्तानावर आणखी कोणाचा हक्क निघावा, तोही याचा! आणि शेवटचा खंड याच्याकडे, जो नंबरवाल्याने उभ्या जन्मात पाहिलेला नाही! त्याचा चेहरा असा झाला, की जणू दाढ त्याचीच काढताहेत.

आणि त्याच क्षणी आतलं चाक थांबलं. वहिनी ओले हात पुसत बाहेर आल्या.

"अय्या, डॉक्टर, तुम्हीसुद्धा कप्तानवाले? मला आधी सांगितलं नाहीत!"

"तुम्ही वाचलेत?"

"ऐकलेत. हे वाचून दाखवतात. यांच्याकडचे सगळे खंड, काही तर दोनदा. तुमचं आवडतं कोण त्यातलं?"

"कप्तान. आणि तो तोफवाला. तुमचं?"

"आचारी!"

नंबरवाला मधेच म्हणाला, "डॉक्टर, हलू नका. वरची ओळ वाचा."

"आचारी?" डॉक्टर म्हणाले. "कुठला आचारी?"

"आता स्पष्ट की मघाशी?" नंबरवाल्याने एक काच सरकवली.

"आता काहीच दिसत नाही."

"बरोबर आहे. आता?"

"हे तर त्याहून वाईट. नंबरवाले, काय घालताय?" एखाद्याचं तोंड बंद कसं करायचं हे दातवाल्यांना ठाऊक असतं, त्यांच्याकडे बोळे असतात. चष्मेवाल्याकडे तशी सोय नाही. तो फार तर आंधळं करू शकतो. डॉक्टर आंधळे होऊनही बोलत राहिले. "आचारी म्हणजे... हां, पहिल्या खंडात आहे की एक. वादळात म्हणतो, आज मीठ घालत नाही, समुद्र घालेल. झकास वाक्य आहे. पण तो तर पुढच्याच पानावर लाटेबरोबर जातो. बिचाऱ्याला तेवढं एकच वाक्य."

  बाकावर बसून इतकी वर्षं मी त्या आचाऱ्याचे विनोद ऐकले होते, घरी जाऊन सूनबाईंना सांगितले होते, आणि तो मेलेला निघाला. "बसून खाणार की लोळून?" हे मला तेव्हा आठवलं, आणि मी नंबरवाल्याकडे बघितलं. त्याने खाली बघत डॉक्टरांच्या नाकावरची फ्रेम उतरवली.

वहिनींनी भिंतीवरची चिठ्ठी घेतली, आत गेल्या. चाक लवकर सुरू झालं नाही. डॉक्टरांना काही समजलं नाही, ते एकदा इकडे, एकदा तिकडे बघून म्हणाले, "माझं काही चुकलं का?" मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेलो आणि म्हणालो, "तुमचं नाही, लाटेचं चुकलं." त्यांना तेही समजलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक ओसरलं. नंबरवाला भिंतीकडे गेला नाही. फ्रेमा मांडत बसला, मांडलेल्या काढत बसला. मी घरी जाऊन जरा पडायला हवं होतं, पण असल्या दुपारी मी घरी गेलो असतो तर मी मी कसला?

आतून हाक आली, "अहो, आज वाचायचं नाही का?"

तो उठला, भिंतीपाशी गेला. पुस्तक हातात, मिटलेलं.

"त्यात तो नाहीये गं," तो म्हणाला.

"कधी मेला?"

"दुसऱ्या पानावर."

"आणि मी हसले ते?"

"पहिल्या." मग म्हणाला, "तू पहिल्यांदाच हसली होतीस या घरात. पान उलटलं तर पुढे लाट. कसं वाचणार? नाही वाचली लाट. मग तो राहिलाच."

वहिनींनी एक काच उजेडाकडे धरून पाहिली. त्यांचा चेहरा मला बाकावरून दिसत नव्हता, आणि याचं मला आजवर दुःख आहे.

"म्हणून माझा नंबर कमी केलात?" त्या म्हणाल्या.

"थोडं त्यासाठी. आणि थोडं त्या शिंपिणीवरून. त्या दातवाल्यावरून. खोटं कशाला बोलू, बरंचसं त्याच्यावरूनच."

"असले पुरुष!" वहिनी म्हणाल्या. "हे बघा. पुस्तकातलं माझं मी वाचीन. चष्मा आहे आता, नंबरही बरोबर आहे. ते वाचायला मला तुम्ही नको आहात. तुम्ही आचाऱ्याचं सांगा."

"पण तो पुस्तकात..."

"नाही ना? मग घाला." आणि चाक सुरू केलं.

नंबरवाल्याने पुस्तक बगलेत मारलं. उघडलंही नाही. घसा खाकरला. आता हेवा विरघळला असेल, माणूस सुधारला असेल, असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही नवरे पाहिलेले नाहीत. त्याने आवाज चढवला आणि सुरुवातच अशी केली: जहाज बंदराला लागलंय, खलाशी रसद चढवताहेत, आणि जहाजावर एक नवीन माणूस आलाय. उंच. कडक इस्त्रीचा. दातांचा डॉक्टर.

आतलं चाक किंचित मंदावलं.

डॉक्टर जहाजावर आला, सगळ्यांना हसून दाखवलं, कप्तानाच्या बायकोला वहिनी म्हणाला. आचाऱ्याने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "साहेब, बसून जेवणार की लोळून?" डॉक्टर म्हणाला, "मी उभ्याउभ्याच वाचतो... म्हणजे जेवतो." आचारी म्हणाला, "मग जरा कठड्याला टेकून उभे राहा. तिथे वारा चांगला लागतो." डॉक्टर टेकला. कठडा, कसं कोण जाणे, नेमका तिथेच मोडका होता.

आतून ते हसू आलं. काच पडली नाही, पण चाक थांबलं. हसता हसता वहिनी म्हणाल्या, "अहो, त्याला बाहेर काढा हं. शिंपिणीचा पुढचा भाग त्याच्याकडेच आहे."

नंबरवाला भिंतीला नीट टेकला. मी इतका समाधानी चेहरा त्याच्यावर कधी पाहिला नव्हता.

"काढतो," तो म्हणाला. "भिजू दे जरा."